पाहुणे येतील, पण सातबारा कुणाच्या नावावर?

शुक्रवारी संध्याकाळी कल्याणहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यावर आणि आसनगावच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागते. मागच्या सीटवर पोरं, डिकीत बर्फाची पेटी, कोळशाची पिशवी आणि पाच लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. ही मंडळी एका रात्रीसाठी, फार तर दोन रात्रींसाठी कुणाचा तरी बंगला भाड्यानं घेतात. रविवारी दुपारी चावी परत करून जातात.

हा धंदा आता शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत चांगलाच रुजला आहे. त्याची कारणंही उघड आहेत. माहुलीचा किल्ला, तानसा आणि भातसाचे जलाशय, डोळखांब पट्ट्यातला आजोबा डोंगर, मुरबाडकडे गोरखगड, सिद्धगड, नाणेघाटाची चढण आणि पावसाळ्यातला माळशेज. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही लोकलची स्टेशनं. त्यातच ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुंबईकराला आता निसर्ग हवा असेल तर लोणावळ्यालाच जावं लागत नाही.

तुमचं घर किंवा शेत या पट्ट्यात असेल, तर गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या ओटीवर कुणीतरी येऊन बसून गेलंच असेल. कुणी म्हणालं असेल, "जमीन द्या, एकरकमी पैसे देतो." कुणी म्हणालं असेल, "जमीन तुमचीच राहू द्या, मी बंगला बांधतो, अर्धे-अर्धे करू." आणि शहरातल्या भाच्यानं सांगितलं असेल की मामा, एक खोली रंगवून काढा, मोबाईलवर फोटो टाकू, पाहुणे आपोआप येतील. या तिन्ही बोलण्यांमधून होणारा फायदा आणि तोटा वेगवेगळा आहे. पहिल्याचं नुकसान सगळ्यात मोठं आणि सगळ्यात उशिरा कळणारं, म्हणून सुरुवात तिथून करू.

जमीन विकून आलेला पैसा कुठे जातो हे गावात कुणाला सांगायला नको. पक्कं घर, मोटारसायकल, मुलीचं लग्न, भावकीतली वाटणी. यात वाईट काही नाही. पण एक बाब व्यवहाराच्या वेळी दलाल सांगत नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या नावावरचं शेवटचं खाचरही गेलं की पुढे तुम्हाला किंवा मुलाला जमीन घ्यायची झाली, तर आधी आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करण्यातच दमछाक होते. तेव्हा विकायचीच वेळ आली तरी पूर्ण सातबारा कोरा करू नका. थोडी तरी जमीन नावावर ठेवा आणि ती रस्त्याला लागून असेल असं बघा. दलाल नेमकी तीच आधी मागतो.

आदिवासी कुटुंबांसाठी कायदा आणखी कडक आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. शिवाय क्षेत्र कुठलंही असो, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्रीनं, गहाणानं किंवा भाडेपट्ट्यानं देण्याआधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची, आणि बाकी सगळ्या व्यवहारांत जिल्हाधिकाऱ्यांबरोबर राज्य शासनाचीही मान्यता. म्हणूनच "नुसतं कुलमुखत्यारपत्र करून द्या, जमीन तुमचीच आहे" असं कुणी म्हणालं की सावध व्हा. नोटरीच्या कागदावर तीस वर्षांचा करार, त्यावर बंगला, बंगल्याला कंपाउंड, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र तुमचं. असा व्यवहार फिसकटला की दंडाची आणि चौकशीची नोटीस त्याच नावावर येते.

"अर्धे-अर्धे" वाल्या प्रस्तावाकडे थोडं शांतपणे बघायला हवं. तो नेहमी वाईटच असतो असं नाही. विचारायचे प्रश्न असे: भाड्याचे पैसे कुणाच्या खात्यात येणार? आरक्षण किती झालं हे तुम्हाला स्वतःच्या मोबाईलवर दिसणार का? बांधकामाचा खर्च आधी वळता करून घेणार असतील तर तो किती धरला आहे? करार संपल्यावर बंगला कुणाचा? पैसे आधी समोरच्याच्या खात्यात जात असतील आणि हिशेब तो तोंडी सांगणार असेल, तर तुमचा अर्धा हिस्सा तो म्हणेल तेवढा. बांधकामाचा प्रश्न वेगळाच. शेतावर जे शेतघर बांधायला मुभा असते, ती शेतकऱ्याच्या राहण्यासाठी आणि शेतीच्या कामासाठी असते. तेच घर दर शनिवारी भाड्यानं दिलं तर तो बिनशेती वापर ठरू शकतो आणि दंड जमिनीच्या मालकाला बसतो. तेव्हा बांधकामाला हात घालण्याआधी तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात एकदा विचारून या. जमीन वनखात्याच्या किंवा तानसा अभयारण्याच्या हद्दीलगत असेल तर वन कार्यालयातही.

तिसरा मार्ग, म्हणजे स्वतःच्या घरातली खोली पाहुण्यांना देणं. मला विचाराल तर या तालुक्यांतल्या बहुतेक कुटुंबांना परवडणारा मार्ग हाच. मात्र त्याचंही स्वप्न मोठं रंगवून सांगितलं जातं, म्हणून जरा आकडेमोड करू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

समजा दोन खोल्या आहेत आणि शनिवारी सहा पाहुणे आले. राहणं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण धरून माणशी १,२०० रुपये घेतले. जमा झाले ७,२००. धान्य, कोंबडी, दूध, गॅस, चादरींची धुलाई मिळून माणशी ५०० धरले तर ३,००० गेले. मदतीला येणाऱ्या बाईला ५०० दिले. उरले ३,७००. पाहुणे एखाद्या ॲपवरून आले असतील आणि त्याचं कमिशन शंभरातले १५ रुपये असेल तर आणखी १,०८० वजा. हातात २,६२०. महिन्यात तीन शनिवार भरले आणि वर्षात आठ महिने धंदा चालला, तर वर्षाचे ६२,८८० रुपये. तेच पाहुणे ओळखीतून, थेट फोन करून आले तर ८८,८००.

आता या धंद्यासाठी सहा लाखांचं कर्ज काढून दोन नव्या खोल्या बांधल्या असं समजा. व्याज दहा टक्के धरलं तर पहिल्या वर्षाचं व्याजच साठ हजारांच्या घरात जातं. म्हणजे ॲपवरून आलेले सगळे पाहुणे बँकेसाठी राबले. यातून दोन गोष्टी निघतात. कर्ज काढून बांधू नका, आहे ती खोली नीट करा: पक्कं छप्पर, कडीकोयंड्याचं दार, मच्छरदाणी, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ संडास-न्हाणी. शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर लांब हवा, हे कुठल्याही रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाचं. दुसरी गोष्ट, एकदा आलेला पाहुणा पुढच्या वेळी तुमच्याच नंबरवर फोन करेल असं बघा. मुरबाडमधल्या धसईनं डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून नाव मिळवलं होतं. त्या घोषणेचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण आज चहाच्या टपरीवरही क्यूआर चिकटवलेला असतो. त्यामुळे अर्धी रक्कम आगाऊ घेणं आता अवघड राहिलेलं नाही. ती घ्याच. शनिवारी संध्याकाळी "येत नाही" असा फोन आला तर कापलेल्या कोंबडीचे पैसे कुणी देत नाही.

कागदपत्रांचं फार भय बाळगू नका, पण टाळाटाळही करू नका. शेतावर किमान एक एकर जमीन असेल तर राज्याच्या २०२० सालच्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. गावठाणातल्या घरासाठी निवास व न्याहारी योजना आहे. घरातली बाई स्वतः हा व्यवसाय चालवणार असेल तर २०२३ सालच्या "आई" या महिला पर्यटन धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची सोय आहे. वर मांडलेलं व्याजाचं गणित त्यानं बरंच बदलतं, मात्र हा परतावा आधी व्याज भरल्यावर मिळतो हे ध्यानात ठेवा. जेवण देणार म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. विजेचा दर घरगुती लागेल की व्यापारी, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या, नाहीतर फरकाचं बिल एकदम येतं. पाहुण्यांकडून आलेलं भाडं हे शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यामुळे प्राप्तिकराच्या हिशेबात ते दाखवावं लागतं. आणि प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद वहीत ठेवा. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे.

हा झाला घरापुरता हिशेब. गावाचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो.

मुंबईला सात तलावांतून पाणी जातं आणि त्यातला मोठा वाटा एकट्या भातसाचा आहे. तानसाचं पाणी तर १८९२ पासून जातंय. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात. पाऊस भरपूर, पण खडक काळा. पाणी मुरत कमी आणि वाहून जातं जास्त. मार्च उलटला की विहिरी तळ गाठतात. अशा ठिकाणी भाड्याच्या बंगल्यातला पोहण्याचा तलाव म्हणजे काय, तेही मोजून पाहू. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, चार फूट खोल. त्यात साधारण ५१ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. त्या मापानं पाच माणसांच्या कुटुंबाला हे पाणी सहा महिने पुरेल. गाळण यंत्र नसेल तर तलावाचं पाणी दर थोड्या दिवसांनी बदलावं लागतं.

बोअर मारणाऱ्याला वाटतं, जमीन माझी, पाणी माझं. तसं पूर्णपणे नाही. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासून बंधन आलेलं आहे. ग्रामपंचायतीनं सार्वजनिक विहिरीपासूनची अंतरं नकाशावर मोजून ठेवली आणि बोअरची गाडी गावात येताच लेखी हरकत घेतली, तर काम थांबू शकतं. बोअर झाल्यानंतरच्या तक्रारीनं पाणी परत येत नाही.

रस्त्याचंही तसंच. बंगल्याचं कंपाउंड उभं राहिलं की नदीवर, गुरचरणात किंवा देवाकडे जाणारी पायवाट आडवी येते. गावकरी काही दिवस कुरकुरतात आणि लांबून जायला लागतात. हीच चूक होते. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो आणि त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. लांबून जाण्याची सवय लागली की दाव्याची मुदत आणि दाव्याचा जोर, दोन्ही जातात.

बार्सिलोना शहरानं २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. तिथलं दुखणं असं होतं की पाहुण्यांमुळे राहणाऱ्यांना घरभाडं परवडेना. आपल्याकडे दुखणं त्या जागी नाही. खर्डीत किंवा टोकावड्यात पाहुण्यांमुळे कुणी भाडेकरू रस्त्यावर आला असं होत नाही. इथे महाग होते ती जमीन, आणि आटतं ते पाणी. म्हणून परदेशातली बंदी उचलून आणण्यात अर्थ नाही. आपला उपाय ग्रामसभेतून निघेल, कारण अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्यानं जमिनीचं हस्तांतरण, लहान जलसाठे आणि दारू याबाबत विशेष अधिकार दिलेले आहेत. दुर्दैवानं बऱ्याच गावांत ते अधिकार फलकावरच राहिले आहेत.

आता बंगल्यात काम करणाऱ्या जोडप्याबद्दल. हे थोडं ठाणे-डोंबिवलीच्या बंगलेमालकांनीही वाचावं. बंगला सांभाळणारी माणसं बहुतेक वेळा जवळच्याच पाड्यावरची असतात, कातकरी किंवा ठाकूर. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात आणि पोरांची शाळा सुटते. वर्षभराचा ठरलेला पगार मिळाला तर हे स्थलांतर थांबतं. या धंद्यानं गावाला दिलेली ही सर्वात चांगली गोष्ट ठरू शकते. पण त्याच कामाचं दुसरं रूपही बघायला मिळतं. दहा बाय दहाची खोली, जोडप्यातल्या एकालाच पगार, बायकोचं झाडणं-भांडी फुकटात धरलेलं, रात्री दोन वाजता "बर्फ आण" म्हणून हाक, सुट्टी नाही, आणि लग्नाला दिलेली उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं हा १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ठाणे जिल्ह्यात याच प्रश्नावर मोठे लढे झालेले आहेत. सफाईदार बंगल्याच्या मागच्या खोलीत तीच पद्धत पुन्हा येऊ नये. दोघांना वेगवेगळा पगार, तोही खात्यावर, किमान वेतनापेक्षा कमी नाही, आठवड्यात एक सुट्टी (शनिवार-रविवार सोडून मंगळवारी दिली तरी चालेल) आणि पाहुण्यांनी दिलेली बक्षिसी त्यांचीच. एवढं लिहून द्या.

पाहुण्यांच्या गोंगाटाबद्दल गावात सगळ्यात जास्त बोललं जातं, पण त्याला उपायही सोपा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानंच बंदी आहे. ११२ वर फोन लावा. मात्र आधी मालकाचा नंबर बंगल्याच्या फाटकावर लावायला ग्रामपंचायतीनं भाग पाडावं. बऱ्याच बंगल्यांचा मालक कोण, हेच गावाला माहीत नसतं.

नदी, धरण आणि धबधबा ही त्याहून गंभीर बाब आहे. दर पावसाळ्यात बुडून माणसं जातात, त्यातली बहुतेक बाहेरची आणि पोहता न येणारी. पावसाळ्यात प्रशासन धोक्याच्या ठिकाणी मनाई आदेश काढतं. तुमच्या घरी पाहुणे असतील तर तो आदेश त्यांना येण्याआधी फोनवरच सांगा, पोहोचल्यावर सांगून कुणी ऐकत नाही. काळू नदीचं पाणी डोंगरात पाऊस झाला की गावात ऊन असतानाही चढतं, हे तुम्हाला माहीत असतं, त्यांना नाही. घरात टॉर्च ठेवा, अंगणातला पालापाचोळा काढा. साप चावला तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय किती वेळात गाठता येईल हे आधी बघून ठेवा आणि १०८ हा नंबर खोलीत मोठ्या अक्षरात लावा.

पाहुण्यांना काय खायला घालावं याचा विचार लोक उगाच करतात. पनीर आणि नूडल्स त्यांना घरी मिळतं. जूनमध्ये शेवळं, मग कंटोळी, टाकळा, कुरडू, भारंगी, खेकडे, आणि थंडीत वालाचं बिरडं. सोबत तांदळाची भाकरी. यातला माल तुमच्या किंवा शेजारच्या रानातला असतो, म्हणजे पैसा कल्याणच्या मॉलऐवजी गावातच फिरतो. एरवी बंगल्यावर येणारे सगळं सामान गाडीतच भरून आणतात आणि गावाला फक्त रिकाम्या बाटल्या देऊन जातात. रानभाजी आणणाऱ्या बाईला मात्र रोख आणि ठरलेला भाव द्या. तिच्याशी घासाघीस करून पाहुण्याला शंभर रुपये वाटी लावणं बरं दिसत नाही.

गावातल्या चार-पाच घरांनी एकत्र येऊन दर एकच ठेवला तर घासाघीस संपते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाच्या काळात घरोघरी पाहुणे उतरतात आणि गावानं ठरवलेल्या दरात राहतात. आपल्याकडे अशी सोय बचत गटातून सहज बसते. पाळी लावून पाहुणे वाटून घ्यायचे, कचऱ्यासाठी खोलीमागे ठरावीक रक्कम बाजूला काढायची, आणि ज्या घरी संडास नाही त्या घरी पाहुणे पाठवायचे नाहीत. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी भाकऱ्या, वाटाड्याचं काम, रानभाजी असं काहीतरी पुरवायचं. नाहीतर दोन घरं वर जातात आणि बाकीच्यांच्या वाट्याला फक्त गाड्यांची धूळ येते.

ग्रामपंचायतीला यातून मिळणारा पैसा म्हणजे घरपट्टी. किती बंगल्यांची आकारणी साधं घर म्हणून झाली आहे, किती बांधकामं नोंदीतच नाहीत, ही यादी ग्रामसेवकाकडे मागा. आकारणीचा फेर चार वर्षांनी होतो, तेव्हा संधी गेली की चार वर्षं गेली. हा विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या. २ ऑक्टोबरला विहिरी भरलेल्या असतात आणि बंगलेवालेही फिरकत नाहीत. १ मेला टँकर पाड्यावर उभा असतो आणि सुट्टीमुळे बंगले भरलेले असतात. त्या दिवशी मालकांना आठ दिवस आधी लेखी बोलावणं पाठवा, त्यावर पोहोच घ्या, आणि विषयपत्रिकेवर तीनच मुद्दे ठेवा: तलावांसाठी पाणी कुठून येतं, फाटकावर मालकाचा नंबर, आणि घरपट्टीची फेरआकारणी. ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या.